डॉ. नेल जॅक्सन : धावपट्टीवरून विद्यापीठापर्यंत

पदकांची यादी पाठ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण पदक जिंकणारी मुलगी कोणत्या मैदानावर घडली, तिला शिकवायला कोण उभे राहिले, तिच्या प्रवासाचा खर्च कोणी उचलला, हे विचारणारे थोडे. या प्रश्नांसाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नेल जॅक्सन यांची ओळख आमच्या वाचकांना असायलाच हवी.

१ जुलै १९२९ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स येथे त्यांचा जन्म झाला. त्या वाढल्या अलाबामातील टस्कीगी गावात. वर्णद्वेषाच्या कायद्याने काळ्या-गोऱ्यांच्या शाळासुद्धा वेगळ्या केल्या होत्या. त्याच गावात १८८१ साली कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेली शिक्षणसंस्था होती. गोऱ्यांची बहुतेक महाविद्यालये मुलींना अटीतटीचा खेळ शोभत नाही म्हणत असताना प्रशिक्षक क्लीव्हलँड ॲबट यांनी येथे मुलींचा धावपटू संघ बांधला. १९३७ मध्ये या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. नेल याच मुशीतून घडल्या.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्या २०० मीटर धावल्या. अंतिम फेरी गाठता आली नाही. १९५१ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत मात्र रिले शर्यतीत सुवर्ण व २०० मीटरमध्ये रौप्य मिळवले. इथवर थांबल्या असत्या तर त्या केवळ खेळाडू म्हणून उरल्या असत्या. त्यांनी पुस्तक हाती घेतले. १९५३ मध्ये स्प्रिंगफिल्ड महाविद्यालयाची पदव्युत्तर पदवी आणि १९६२ मध्ये आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या महिला ॲथलेटिक्स संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. वय अवघे २७. अमेरिकेच्या ऑलिम्पिक ॲथलेटिक्स संघाच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. टस्कीगीच्याच मिल्ड्रेड मॅकडॅनियल यांनी तेथे १.७६ मीटर उंच उडी घेऊन विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले.

आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगी शहराची हद्द २८ बाजूंची वेडीवाकडी आखून जवळपास सारे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर ढकलले! जगासमोर देशाचा झेंडा मिरवायला हे लोक चालत होते, गावात मत द्यायला चालत नव्हते. संस्थेतील प्राध्यापक गोमिलियन यांनी लढा दिला व १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो डाव हाणून पाडला.

१९६८ मध्ये जॅक्सन यांनी मुली व स्त्रियांच्या ॲथलेटिक्सवर पुस्तक लिहिले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्या पुन्हा मुख्य प्रशिक्षक होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. १९७३ पासून मिशिगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक आणि महिला क्रीडाविभागाच्या प्रशासक म्हणून त्यांनी काम केले.

पण कायदा झाला म्हणून समता आली काय? याच विद्यापीठातील महिला बास्केटबॉलपटूंना प्रवासभत्ता व निवासाची सोय मुलांपेक्षा कमी मिळत होती. १९७९ मध्ये त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आम्ही वकिलीत हेच पाहतो. एक कर्तबगार व्यक्ती खुर्चीवर बसल्याने संस्था बदलत नाही. तिजोरीची किल्ली जुन्याच हातात असते. खुर्चीवरच्या माणसाला खालून उठणाऱ्या मागणीचे बळ लागते आणि मागणी करणाऱ्यांना कायद्याचे. दोन्ही असतील तरच कागदावरचा हक्क पदरात पडतो.

१९८१ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील विद्यापीठात क्रीडासंचालक झाल्या. १९८८ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय ॲथलेटिक्सच्या कीर्तिदालनात त्यांना स्थान मिळाले ते १९८९ मध्ये, मृत्यूनंतर. सन्मान उशिरा आला. त्यांनी घडवलेल्या मुली मात्र तोवर कितीतरी पुढे धावल्या होत्या.

डॉ. नेल जॅक्सन यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!