मशेरीनं हिरडीचं रक्त थांबतं, पण आजार? उत्तर तारामाशाला काटा टोचणाऱ्या माणसाकडं आहे

बारामती-इंदापूरकडच्या गावांत सकाळी मशेरी लावणारी माणसं आजही दिसतात. हिरडीतून रक्त आलं की लाव मशेरी. रक्त थांबलं म्हणजे हिरडी घट्ट झाली, असा हिशोब.

हा हिशोब कुठं चुकतो ते समजून घ्यायचं, तर इल्या मेचनिकॉफची गोष्ट माहिती पाहिजे.

गडी आजच्या युक्रेनमधल्या खार्किव भागातला. जन्म १८४५ चा. डॉक्टर नव्हता, प्राणीशास्त्राचा माणूस. ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायचा. १८७३ मध्ये पहिली बायको क्षयानं गेली. पुढं विद्यापीठातल्या राजकारणाला वैतागून त्यानं नोकरी सोडली आणि १८८२ मध्ये इटलीतलं मेसिना गाठलं.

झालं असं की, एक दिवस घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली. हा एकटाच मायक्रोस्कोप घेऊन बसलेला. समोर तारामाशाची अळी, काचेसारखी आरपार दिसणारी. याच्या डोक्यात आलं, हिला काटा टोचला तर? बागेतून गुलाबाचा काटा आणला आणि टोचला. त्या रात्री झोप कुठली लागायला! सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतूंना असंच घेरून गिळतात, असं त्यानं मांडलं. तेव्हा बरेच शास्त्रज्ञ उलटं समजायचे, की या पेशी जंतू अंगभर पसरवतात. त्यामुळं वाद पेटला आणि वीसेक वर्षं चालला. १८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस काढणारा हाफकिन हा त्याचाच ओडेसातला विद्यार्थी. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफला पॉल अर्लिखसोबत विभागून मिळालं. उतारवयात त्याला आंबट दह्याचं वेड लागलं, त्यातले जंतू आयुष्य वाढवतात म्हणून. १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी तो गेला.

सूज म्हणजे शरीराची लढाई, हे त्याचंच म्हणणं. हिरडीत तेच चालतं. दाताच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर बसतो. पांढऱ्या पेशी तिथं धावतात, म्हणून हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. थर निघाला तर लढाई थांबते. नाही निघाला तर पेशी लढतच राहतात आणि जंतूंवर सोडलेली रसायनं आपल्याच हिरडीचे धागे तोडतात. दाताला धरून ठेवणारं हाडही झिजतं. काही जंतू तर या पडझडीवरच पोसतात. म्हणजे दात हलतो त्यात जंतूंइतकाच हात आपल्याच पहारेकऱ्यांचा.

आता मशेरी. ती म्हणजे भाजलेली तंबाखू. त्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त येणं कमी होतं. थर मात्र जागेवरच असतो. तंबाखूनं पांढऱ्या पेशींचं कामही बिघडतं. वरून हिरडी शांत दिसते, आत हाड किती गेलं ते दाताच्या डॉक्टरनं एक्स-रे काढल्यावर कळतं.