परदेशांतील मायलेकी : पंडिता रमाबाई व मनोरमा

चाकण-पिंपरीकडील कारखान्यांच्या कामानिमित्त आज कित्येक कुटुंबें लहान मुलांसह परदेशीं राहून येतात. परक्या देशांत दुसऱ्यांच्या आधारानें राहतांना आपलें मूल आपलें कसें राखावें, हा त्या आईबापांचा प्रश्न जुनाच आहे. आपल्याच पुणें जिल्ह्यांतील केडगांवच्या मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई ह्यांनाही तो पडला होता.

बाईंचे पति बिपिनबिहारी मेधावी १८८२ सालीं वारले, तेव्हां कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें बाई १८८३ सालीं तिला घेऊन विलायतेस गेल्या. भाड्याच्या कामीं त्यांना आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगीं पडले. वाँटेज गांवीं सेंट मेरी भगिनीमंडळानें मायलेकींस आसरा दिला. तेथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं दोघींचा बाप्तिस्मा झाला. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत बाई स्वतः शिकूं लागल्या व संस्कृतही शिकवूं लागल्या.

अन्न आणि निवारा दुसऱ्यांचा होता, तरी बाईंनीं आपली विवेकबुद्धि गहाण टाकिली नाहीं. प्रभूचा स्वीकार केल्यावरही त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. भगिनी जेराल्डीन ह्यांची मनोरमेवर फार माया होती, व तिचा सांभाळ त्यांनीं मनापासून केला. परंतु मुलीस धर्माचें शिक्षण कसें द्यावें ह्याविषयीं त्यांचा व बाईंचा पत्रांतून तीव्र मतभेद झाला. भगिनींना मुलीच्या आत्म्याची काळजी होती. बाईंचें म्हणणें असें कीं मुलीची जबाबदारी आईची आहे, ती दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करतां येत नाहीं. उपकार करणाऱ्यांपुढें असें बोलणें किती कठीण, हें ज्यांनीं दुसऱ्यांच्या आश्रयानें दिवस काढले आहेत त्यांस सांगावयास नको.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठीं बाई मुलीसह अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. पुढें तेथें विधवांच्या कार्यास्तव व्याख्यानें देत गांवोगांव फिरावें लागलें, आणि पांच वर्षांच्या मनोरमेस त्यांनीं वाँटेजलाच परत पाठविलें. ज्यांच्याशीं वाद झाला, त्यांच्याच प्रेमावर भरंवसा ठेवून पोटचें मूल त्यांच्या हातीं दिलें. ह्यांत बाईंचें मन दिसतें, तसेंच त्या भगिनींचेंही दिसतें.

बाई स्वदेशीं परतल्या व ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. मनोरमा मोठी होऊन आईच्या कार्यांत तिचा उजवा हात झाली. २४ जुलै १९२१ रोजीं ती वारली, आणि वर्षाच्या आंतच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, आईही प्रभूजवळ गेली.

कृतज्ञ असावें, पण आपल्या लेंकरांविषयींचें कर्तव्य कोणाच्या उपकारांत बुडवूं नये. आणि मत वेगळें पडलें म्हणून प्रेमाचा हात झिडकारूंही नये. ह्या दोन्ही गोष्टी एका तरुण विधवेनें परदेशांत साधल्या. देव आपल्या घरांतील आईबापांसही तसेंच धैर्य देवो.