बालरुग्णांचे कैवारी : सिडने फार्बर

एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, की डॉक्टरांनी मान खाली घालावी आणि आईवडिलांनी देवावर हवाला ठेवावा, असा एक काळ होता. रोग्याच्या हाडांतील मगजात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत आणि थोड्याच आठवड्यांत वा महिन्यांत ते मूल दगावे. या रोगावर औषध सापडेल, ही कल्पनाच पुष्कळांना वेडगळ वाटे. ती कल्पना उराशी धरून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या थोर पुरुषाचे नाव डॉक्टर सिडने फार्बर.

फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील बफेलो या शहरी झाला. त्यांचे आईवडील पोलंडहून आलेले ज्यू होते. चौदा भावंडांत सिडने तिसरे. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा मिळत. म्हणून सिडने जर्मनीस गेले. तेथे त्यांनी उत्तम यश मिळविले, तेव्हा कुठे हार्वर्डचे दार त्यांना उघडले. १९२७ साली ते डॉक्टर झाले. पुढे बोस्टनच्या बाल-रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. मृत बालकांच्या शरीराची तपासणी करून रोगाचे स्वरूप ठरविणे, हे त्यांचे काम. परंतु मृत्यूचे कारण सांगण्यापेक्षा मृत्यू टाळता यावा, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना.

नवे रक्त तयार होण्यास फॉलिक आम्ल लागते. ते दिल्यास रोगी बालके सुधारतील, या आशेने फार्बरांनी त्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली. परिणाम उलटाच झाला. रोग अधिकच बळावला. दुसरा कोणी खचून गेला असता. फार्बरांनी त्या अपयशातूनच वाट काढली. जे दिल्याने रोग वाढतो, ते तोडल्यास रोग उपाशी मरेल, असे त्यांनी ताडले. आंध्रातील भीमवरम् येथे जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव त्या वेळी अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या रसायनज्ञांनी फॉलिक आम्लाचे कार्य रोखणारे अमिनोप्टेरिन हे औषध सिद्ध केले होते. डिसेंबर १९४७ च्या अखेरीस फार्बरांनी ते मुलांना टोचण्यास आरंभ केला. मरणाऱ्या मुलांना अधिक छळू नये, असे कित्येक सहकाऱ्यांचे मत होते. पण सोळा बालकांपैकी दहांची प्रकृती सुधारली. वैद्यकाच्या इतिहासात हे अपूर्व होते. दुर्दैवाने ती सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत दुखणे उलटले.

एका औषधाने हा रोग हटणार नाही, हे आता स्पष्ट झाले. अनेक औषधे शोधावयाची, ती पारखावयाची, तर पैसा हवा. १९४८ च्या मे महिन्यात नभोवाणीवरून ‘जिमी’ या टोपणनावाच्या एका आजारी मुलाची ओळख देशाला करून देण्यात आली. वीस हजार डॉलर जमावेत अशी अपेक्षा होती. जमले दोन लक्ष एकतीस हजारांहून अधिक. त्या ‘जिमी निधी’तून बोस्टनमध्ये बालरुग्णांसाठी संशोधनमंदिर उभे राहिले.

तरीही फार्बरांचे समाधान झाले नाही. लोकवर्गणी पावसाळी ओढ्यासारखी असते. संशोधनाला बारमाही नदी हवी. शिवाय एका रुग्णालयात असे रोगी ते किती येणार? अनेक रुग्णालयांनी वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने उपचार करून अनुभव ताडून पाहिले, तरच खरे काय ते कळणार. एवढा भार सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. मेरी लास्कर या लोकसेवाव्रती बाईंच्या साहाय्याने ते वॉशिंग्टनला वारंवार जात आणि लोकप्रतिनिधींच्या समित्यांपुढे बालकांची बाजू मांडीत. १९५५ साली औषधशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रासाठी पन्नास लक्ष डॉलर मंजूर झाले. त्याच वर्षी सरकारी अनुदानावर निरनिराळी रुग्णालये एकत्र येऊन उपचारांची पारख करू लागली. राष्ट्रीय कर्करोग संस्थेला १९५७ साली सुमारे ४ कोटी ८० लक्ष डॉलर मिळत. १९६७ साली ही रक्कम सुमारे साडेसतरा कोटींवर गेली.

आधी पेशीचे गूढ उकलावे, मग औषधांच्या मागे लागावे, असा काही शास्त्रज्ञांचा आक्षेप होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु अंथरुणावर पडलेले मूल शास्त्र पूर्ण होईपर्यंत थांबू शकत नाही, याची जाणीव फार्बरांना सदैव होती. शोध आणि उपचार बरोबरीनेच चालावेत, असा त्यांचा आग्रह असे.

२३ डिसेंबर १९७१ रोजी अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला आणि संशोधनाला भक्कम आधार मिळाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, ३० मार्च १९७३ रोजी, आपल्या कचेरीत काम करीत असतानाच फार्बर कालवश झाले.

फार्बरांच्या पहिल्या रोग्यांना अवघे काही महिने मिळाले. आज संपन्न देशांत बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या मुख्य प्रकारात दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. ही किमया एका औषधाची नव्हे वा एका माणसाचीही नव्हे. एकाच्या तळमळीला सबंध समाजाने वर्षानुवर्षे दिलेल्या आधाराचे ते फळ आहे.