राजा सर टी. माधवराव

सरकारी कचेरीतील आपले काम वेळेवर व्हावे आणि त्यासाठी कोणाचे हात ओले करावे लागू नयेत, एवढीच सामान्य रयतेची राज्यकर्त्यांकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा दिसावयास लहान, परंतु ती पुरी करताना भलेभले कारभारी थकून जातात. एकोणिसाव्या शतकात ज्या थोड्या कारभाऱ्यांनी ती पुरी करण्यासाठी आपली बुद्धी वेचली, त्यांत राजा सर टी. माधवराव यांचे नाव अग्रभागी आहे.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापन झाल्यावर अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी स्थायिक झाली होती. माधवरावांचे घराणे अशाच दाक्षिणात्य मराठी समाजातील होते. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानची दिवाणगिरी भूषवली होती. माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल या नामांकित गुरूंच्या हाताखाली झाले. गणितात त्यांची बुद्धी विशेष चाले. काही काळ मद्रासच्या हिशेबखात्यात नोकरी केल्यावर १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि पुढे चार वर्षांनी त्यांनी संस्थानच्या मुलकी खात्यात प्रवेश केला.

त्या वेळी त्रावणकोरची स्थिती चिंताजनक होती. खजिना रिकामा, डोक्यावर कर्ज आणि नोकरांचे पगार महिनोन् महिने थकलेले! ज्याला दरमहा वेतन मिळत नाही, तो सेवक आपला चरितार्थ रयतेकडून वसूल करू लागतो. एखादा कागद पुढे सरकवणे वा अडकवून ठेवणे हेच मग त्याच्या प्राप्तीचे साधन होते. त्रावणकोरात हेच घडत होते. कारभार सुधारला नाही तर संस्थानच्या अस्तित्वाला धोका आहे, असा इशारा इंग्रज सरकारने दिलेला होता. ते डलहौसीचे दिवस होते. सातारा, नागपूर व झाशी ही राज्ये एकामागून एक खालसा झालेली सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

माधवरावांकडे प्रथम संस्थानच्या दक्षिण भागाचा कारभार आला. तेथे त्यांनी अल्पावधीतच सुव्यवस्था निर्माण केली. दिवाण कृष्णराव यांचे १८५७ साली निधन झाले, तेव्हा अवघ्या तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या माधवरावांवर संपूर्ण राज्याच्या दिवाणगिरीची जबाबदारी पडली.

लाचखाऊ नोकरास शासन करणे अवश्यच असते; परंतु एकाला काढून त्याच्या जागी दुसरा नेमला आणि मोहाचे प्रसंग तसेच राहिले, तर दुसराही पहिल्याच्या वाटेने जातो. म्हणून माधवरावांनी त्या प्रसंगांवरच घाव घातला. मिऱ्याच्या व्यापाराचे उदाहरण यादृष्टीने पाहण्यासारखे आहे. रयतेने पिकवलेले मिरे सरकारलाच विकले पाहिजेत, असा तेथे दंडक होता. भाव सरकारने ठरवावयाचा, आणि पैसे मात्र वेळेवर मिळावयाचे नाहीत! साहजिकच शेतकरी चोरवाटांनी माल बाहेर पाठवू लागले आणि त्यांना अडवणारे शिपाई चिरीमिरी घेऊन डोळेझाक करू लागले. तंबाखूच्या मक्त्याचीही तीच कथा होती. चोरटा माल शोधण्याच्या निमित्ताने निरपराध लोकांनाही झडतीचा जाच सोसावा लागे. माधवरावांच्या काळात असे मक्ते मोडले गेले आणि त्यांच्या जागी ठराविक जकात आली. अनेक किरकोळ करही रद्द झाले. १८६५ च्या करारान्वये त्रावणकोर, कोचीन आणि इंग्रजी मुलूख यांमधील व्यापार बव्हंशी जकातमुक्त झाला. जेथे नाकेच उरले नाहीत, तेथे नाक्यावरची लाच तरी कशी उरावी?

त्याच वर्षी सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकी हक्क देणारा जाहीरनामा निघाला. शेतकऱ्याचा हक्क अशा प्रकारे अंमलदाराच्या मर्जीवर न राहता लेखी कायद्याने पक्का झाला. नोकरांचे थकलेले पगार चुकते झाले. वेतने वाढवण्यात आली. १८६३ पर्यंत संस्थान कर्जमुक्त झाले आणि पुढे आदर्श संस्थान म्हणून त्याची ख्याती झाली. तिरुवनंतपुरम येथे मुख्य कचेरीसाठी भव्य इमारत उभी राहिली, ती १८६९ साली पूर्ण झाली.

महाराजांशी मतभेद झाल्यामुळे १८७२ साली माधवरावांनी दिवाणपद सोडले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी इंदूरच्या होळकर दरबारची सेवा केली. १८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, तेव्हा तेथील विस्कटलेली घडी बसवण्यासाठी माधवरावांचीच निवड झाली. बडोद्यात नजराणा दिल्यावाचून अधिकाराची जागा मिळणे कठीण झाले होते. ज्याने पैसे मोजून जागा मिळवली, तो ते पैसे रयतेकडून व्याजासह काढल्यावाचून कसा राहणार? माधवरावांनी वसुलीचे इजारे मोडून काढले आणि न्यायखाते व पोलीसखाते यांची नव्याने रचना केली. शिवाय गादीवर आलेल्या बाल सयाजीरावांना राजधर्माचे पाठ दिले. ती व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सयाजीरावांच्या पुढील कीर्तिमान राजवटीचा पाया याच काळात घातला गेला.

१८८२ साली बडोद्याची सेवा संपवून माधवराव मद्रासला परतले. १८८७ साली तेथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

तिरुवनंतपुरमची ती जुनी कचेरी पुढे केरळ राज्याचे सचिवालय झाली. तिच्यासमोर माधवरावांचा पुतळा उभा आहे. त्या पुतळ्यामुळे तेथील चौकालाही स्टॅच्यू असेच नाव पडले आहे. राज्यातील कानाकोपऱ्यातून आपले गाऱ्हाणे घेऊन येणारा माणूस त्या पुतळ्यावरून पुढे जातो. त्याचे काम वेळेवर आणि विनामूल्य झाले, म्हणजे त्या थोर कारभाऱ्याचे खरे स्मरण झाले असे समजावे.