पंगतीतली दारू नाकारणारे गाडगेबाबा

दारूने घर कसे धुळीला मिळते, हे गाडगेबाबांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांनी ते लहानपणीच स्वतःच्या घरात पाहिले.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच वारले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आली. मामाच्या घरी गुरे राखत, शेतात राबत डेबू मोठा झाला.

त्या काळी बारसे असो वा लग्न, जातभाईंना मटण आणि दारूची पंगत घालणे हा रिवाज होता. कर्ज काढावे लागले तरी चालेल, पण पंगत चुकवायची नाही. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला हा रिवाज मोडला आणि गोडाधोडाचे जेवण वाढले. जातभाई नाराज झाले, पण ते मागे हटले नाहीत. दारूचा हा पहिला जाहीर विरोध त्यांनी भाषणातून केला नाही, स्वतःच्या दारातल्या पंगतीत केला.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. हातात खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसांना साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. तुकोबांचे अभंग, कबिराचे दोहे आणि नामाचा गजर यांच्या मधोमध ते रोजच्या जगण्याचे बोलत: दारू पिऊ नका, सणासाठी कर्ज काढू नका, देवापुढे बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला. न शिकलेला माणूसही टाळ्यांच्या ठेक्यावर हे ऐकायचा आणि घरी घेऊन जायचा.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांना एकमेकांविषयी मोठा आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या शिक्षणकार्यासाठी सोपवली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते. पण पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दोन्ही वाटा इथे एकत्र येतात.

शिरूर तालुक्यातील कारेगावात काम करताना बाबांचे चरित्र मला जवळचे वाटते. शेजारीच रांजणगाव एमआयडीसी. मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे इथे खोल्या करून राहतात. पहिला पेला त्यांना गुत्तेवाला देत नाही. तो देतो खोलीतला मित्र, पगाराच्या दिवशी, वाढदिवसाला, नाहीतर गावाकडचा कुणी आला म्हणून. नाही म्हणणारा तिथे भाव खातो असे ठरते. जातपंगत गेली, पण पंगतीची सक्ती खोलीत येऊन बसली आहे.

म्हणून पिणाऱ्या एकट्याला दोष देऊन भागत नाही. आनंद दारूशिवायही साजरा होतो, हे बारशाच्या पंगतीत बाबांनी दाखवले. माणसांना एकत्र बसायला जागा हवी असते. ती जागा त्यांनी कीर्तनाने दिली. आंबेडकरी जलशांनीही गाण्यातूनच समाज जागा केला. तो वारसा आपलाच आहे.

मित्रांनो, येत्या भीमजयंतीला वर्गणी गोळा करण्याआधी मंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. मिरवणुकीत पिऊन कुणी येणार नाही आणि डीजेच्या वेळातला एक तास व्यसनमुक्तीच्या गाण्यांना मिळेल. गाणारी पोरेपोरी आपल्याच वस्तीत आहेत. त्यांना आजपासून तालमीला बसवा.

जय भीम!