इफ्रेम शे : ओंडक्यांसाठी डोंगर चढणारं इंजिन बनवणारा मिलमालक

लाकडाच्या धंद्यात झाड तोडणं सोपं, ओंडका मिलपर्यंत आणणं महाग. अमेरिकेतल्या इफ्रेम शे यांनी हा हिशेब सोडवला आणि जंगलातली रेल्वेच बदलून टाकली.

शे यांचा जन्म १७ जुलै १८३९ रोजी ओहायो राज्यात झाला. यादवी युद्धात ते उत्तरेकडच्या फौजेत होते. युद्धानंतर मिशिगनमधल्या हेरिंग गावात त्यांनी सॉ मिल आणि दुकान टाकलं.

तिथे ओंडके हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांनी यायचे. बर्फ कमी पडला की माल जंगलात, मिल बंद आणि भांडवल अडकलेलं. शे यांनी लाकडी रुळांवर घोड्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या. पण उतारावर भरलेली गाडी घोड्यांच्याच अंगावर यायची. नेहमीचं वाफेचं इंजिन आणावं, तर त्याच्या वजनाने आणि हादऱ्याने लाकडी रूळ टिकत नसत.

मग शे यांनी स्वतःच इंजिन रचलं. चाकांना दांड्यांनी ढकलण्याऐवजी एका बाजूने लांब शाफ्ट नेला आणि दातेरी चक्रांनी प्रत्येक चाकाला जोर दिला. इंजिनाचं सगळं वजन ओढण्याच्या कामी आलं. वेग बेताचा, पण उभा चढ आणि अवघड वळण त्याला चालायचं. १८८० मध्ये ओहायोतल्या लिमा गावच्या कारखान्याने त्यांच्या आराखड्यावर इंजिन बांधलं, १८८१ मध्ये पेटंट मिळालं. पुढे हक्क कारखान्याकडे गेले. १९४५ पर्यंत तिथे अशी २,७०० हून अधिक इंजिनं तयार झाली.

याची दुसरी बाजूही आहे. जी जंगलं वाट नाही म्हणून वाचली होती, तिथेही आता रूळ पोचले. मिशिगनचे जुने पांढरे पाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास संपले. मग पश्चिमेकडच्या डोंगरांत शेकडो वर्षांची झाडं उतरवायलाही शे इंजिनंच कामाला लागली.

शे स्वतः १८८८ मध्ये हार्बर स्प्रिंग्ज गावी राहायला गेले. तिथे त्यांनी नळपाणी योजना उभारली, पोलादी पत्र्यांचं षट्कोनी घर बांधलं, छोटी रेल्वे चालवली, गावातल्या मुलांना बर्फावरच्या घसरगाड्या बनवून दिल्या. १९ एप्रिल १९१६ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांचं घर अजून उभं आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅस इथे ओंडक्यांसाठी टाकलेल्या जुन्या मार्गावर शे इंजिनं आजही चढ चढतात. आता त्यांच्या डब्यांत पर्यटक बसतात.