मायमोनिडीस आणि पाण्याचा वाद

स्पेनमधील कॉर्डोव्हा नगरीत इ. स. ११३८ च्या सुमारास एका ज्यू न्यायाधीशाच्या घरी मोशे बेन मैमोन यांचा जन्म झाला. जग त्यांना मायमोनिडीस या नावाने ओळखते. ११४८ मध्ये अल्मोहादांनी नगरी जिंकली आणि ज्यूंना स्वधर्म पाळून तेथे राहणे अशक्य झाले. हे कुटुंब भटकत भटकत मोरोक्कोतील फेझ येथे गेले. तेथून ११६५ मध्ये ते पॅलेस्टाइनला पोहोचले आणि शेवटी इजिप्तमध्ये, कैरोजवळच्या फुस्तात येथे स्थिरावले.

मायमोनिडीस ग्रंथांत बुडालेले असत. घरखर्च चालवी तो धाकटा भाऊ डेव्हिड. व्यापारासाठी हिंदुस्थानाकडे निघालेला हा भाऊ हिंदी महासागरात बुडाला आणि त्या दुःखाने मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले. पुढे उदरनिर्वाहासाठी त्यांनी वैद्यकी पत्करली आणि सुलतान सलाहुद्दीनचा वजीर अल्-फाझिल याच्या पदरी ते वैद्य झाले.

फुस्तातमध्ये ज्यूंचे दोन पंथ शेजारी नांदत होते. रब्बानी लोक धर्मग्रंथाबरोबर तोंडी परंपराही मानीत, तर कराइट केवळ ग्रंथ मानीत. मासिक पाळीनंतर स्त्रीने शुद्ध कसे व्हावे, यावरही त्यांच्यात मतभेद होता. रब्बानी रीतीप्रमाणे रक्तस्राव थांबल्यावर सात स्वच्छ दिवस मोजून ‘मिकवे’ नावाच्या कुंडात पूर्ण बुडी मारावी लागे. त्यात झऱ्याचे किंवा पावसाचे पाणी निदान ४० सेआ असावे, भांड्याने भरलेले नसावे, असा नियम होता. कराइटांना असे कुंड आवश्यक वाटत नसे. त्यांचे पाहून अनेक रब्बानी स्त्रियाही अंगावर पाणी ओतून घेण्यावरच भागवू लागल्या. तेव्हा मायमोनिडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर आज्ञापत्र काढले. जी स्त्री मिकवेत बुडी मारणार नाही, तिचा केतुबावरील हक्क जाईल, असे त्यात ठरले. केतुबा म्हणजे घटस्फोट झाल्यास किंवा पती वारल्यास पत्नीला मिळणाऱ्या रकमेचा करार. तोच तिचा आधार असे.

मात्र मायमोनिडीस सर्वत्र कठोर नव्हते. ११८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मिश्ने तोरा’ या चौदा भागांच्या ग्रंथात त्यांनी दुसऱ्या एका रूढीवर टीका केली आहे. काही गावांत मुलगा झाल्यावर चाळीस आणि मुलगी झाल्यावर ऐंशी दिवस पतिपत्नी दूर राहत. ही रूढी नव्हे, चूक आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. तरीही युरोपातील काही ज्यू समाजांत ती पुढे कित्येक शतके टिकली. १२०४ मध्ये मायमोनिडीस वारले.

हे चरित्र वाचताना मला माझे घर आठवले. आईच्या माहेरी बाई तीन दिवस बाजूला बसे, सासरी मात्र पाच दिवस. लग्न होताच आईचे दोन दिवस वाढले. का, हे तिने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. मायमोनिडीसांनी निदान रूढी आणि शास्त्र वेगळे करून दाखवले, कारणे लिहून ठेवली. त्यांच्या व्यासंगापुढे मी नतमस्तक आहे. पण त्या आज्ञापत्रावर सह्या पुरुषांच्या होत्या आणि गमवायचे होते ते स्त्रियांना, हेही विसरवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली व्यक्ती मी. हा प्रश्न आता आईच्या वतीने मलाच विचारला पाहिजे.